नऊ दिवस

डोनिबाने गाराझी
सोमवार, २२ मे

पेयो,

पाकिटावर आपल्या गावाचा नाही, गाराझीचा शिक्का बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आम्ही नवरा-बायको, मी आणि गानिश, सान्तियागोच्या यात्रेला निघालोय, पायी. या वयात. हसायचं तर हसून घे.

आधीच्या सात पत्रांना तुझं उत्तर नाही, तेव्हा याचीही वाट बघणार नाही. पण लिहिते. आम्ही शनिवारी सकाळी निघालो. मेंढरं गेल्या वर्षीच गानिशच्या पुतण्याला देऊन टाकली, आता घराकडे तोच बघेल. माझ्या डाव्या टाचेला फोड आलाय. गानिशचे पाय ठीक आहेत, पण वाटेत फारसा बोलला नाही. दमला असेल.

इथे चढाच्या गल्लीत माद्दालेन नावाच्या बाईकडे उतरलोय. ती यात्रेकरूंना खाटा देते. आमच्या पुढे दारात एक कोरियन जोडपं होतं आणि दोन उंच ऑस्ट्रेलियन बाया. त्यांची नावं लिहून झाल्यावर तिनं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही कुठून?"

"ओर्त्साइझे," गानिश म्हणाला.

तिनं पेन खाली ठेवलं. "आगगाडीनं पंधरा मिनिटं लागतात तिथून."

"आम्हाला दोन दिवस लागले."

"मग तुम्ही सान्तियागोला पोचेपर्यंत येशू परत येऊन जाईल हो."

गानिश खूप हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. आमच्या घराचं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "इरात्सेता? तुमच्या आईला मी ओळखायची. बाजारात तिच्या चीजची चव घ्यायला रांग लागायची. तुमचा एक भाऊ अमेरिकेत ना?" मी म्हटलं, हो, कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डला. "येतो का?" मी म्हटलं, त्याला वेळ नसतो.

आज मेंढ्यांचा बाजार होता. तू बाबांबरोबर यायचास, मला कधी आणलं नाही. सबंध बाजार फिरून आले, काही घेतलं नाही. इथे मला बसवत नाहीये. दुपारपासून ती गल्ली चारदा चढले-उतरले. कोपऱ्यावरच्या बेरेट टोप्या विकणाऱ्यानं विचारलं, बाई, काही हरवलंय का?

उद्या डोंगर ओलांडून स्पेनमध्ये उतरू. बाकी सगळं ठीक.

कात्तालिन


मंगळवार, २३ मे

पेयो,

गेलो नाही. पाऊस. यात्रेकरूंच्या कचेरीतला माणूस म्हणाला, वरच्या वाटेवर दहा पावलांपुढचं दिसत नाही, थांबा.

गानिशचं आणि माझं जरा वाजलं. नकाशावरून. तो म्हणतो वरच्या वाटेनं, कुरणांतून जाऊ, मी म्हणते खालच्या सडकेनं लुसाइदेवरून. हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली होती, हे मी तुला कळवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी म्हटलं, घराभोवती चाल की. तर म्हणतो, "घराभोवती फिरून फिरूनच ही कळ आली."

त्यानंच ही यात्रा काढली. मी नुसती मागे आले.

माद्दालेननं दुपारी वासराच्या मांसाचा मिरची घातलेला रस्सा दिला. गानिश जेवला, मला गेलं नाही. जेवताना त्यानं विचारलं, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"सगळं?"

"सगळं."

मग तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून नदी दिसते. मी पत्र पुरं करते म्हणून सांगितलं आणि हे लिहितेय. काय लिहू? पाऊस पडतोय. टाच बरी आहे.

कात्तालिन


बुधवार, २४ मे, दुपार

पेयो,

गानिश गेला.

मेला नाही. म्हणजे, नसावा. सकाळी मी चर्चमध्ये गेले होते, प्रार्थनेला नाही, नुसती बसायला, कारण खोलीत त्याच्यासमोर बसवत नव्हतं. परत आले तर त्याची पिशवी नाही. माद्दालेन म्हणाली, "सातलाच गेला. म्हणाला, तिला सांग, मी पुढे होतो. तिचं लिहून झालं की येऊ दे."

तेव्हा ऊन होतं. दहाच्या सुमारास डोंगर दिसेनासा झाला. आता पलीकडचं छप्परही दिसत नाही. तो सडकेनं गेलेला नाही, तिकडून आलेल्या पाववाल्यानं कोणालाच पाहिलं नाही. म्हणजे वरून गेलाय. सत्तरीचा माणूस, छातीत एकदा कळ येऊन गेलेला, आणि फोन माझ्या पिशवीत.

पुलावर जाऊन आले. वेशीपर्यंत जाऊन आले. कचेरीत तीनदा. तिथल्या माणसानं डोंगरपोलिसांना कळवलंय. तो म्हणाला, "बाई, तुम्ही एका जागी बसा, म्हणजे निरोप आला तर तुम्हाला शोधायला नको." म्हणून बसलेय. बसायचं तर हात कशात तरी गुंतलेले हवेत. म्हणून लिहितेय.

काल रात्रीचं जेवण व्हायच्या आधी गानिशनं माझी दोन्ही पत्रं वाचली. मी गादीखाली ठेवली होती. नवरा असून त्यानं कधी माझ्या वस्तूला हात लावलेला नाही, पण काल लावला. वाचून नीट घडी घातली आणि म्हणाला, "टाचेचा फोड. मेंढ्यांचा बाजार. अकरा वर्षं झाली, कात्तालिन. मी हे डोंगरापलीकडे वाहून नेणार नाही."

मी म्हटलं, "मग टाक इथंच."

"माझं असतं तर टाकलं असतं. ते पेयोचं आहे."

आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा सुरुवात होणार नाही, तेव्हा खाडाखोड चालवून घे.

आई गेली तेव्हा मी तुला फोन करून म्हणाले की अचानक झालं, वेळच मिळाला नाही. खोटं. तिला रविवारी झटका आला आणि ती पुढच्या सोमवारी गेली. नऊ दिवस. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. तुझा नंबर फळीवर, घड्याळाखाली लिहिलेला होता.

मी केला नाही फोन.

तुला वाटेल घरासाठी. घर कायमचं माझंच होतं, थोरलीला घर, धाकट्यानं पोटामागे जायचं. तू एकोणिसाव्या वर्षी गेलास तेव्हा त्या रीतीपुढे कोणाचंच चाललं नाही, माझंही नाही. घराचं कारण नव्हतं. कारण लाज वाटण्यासारखं आहे. सहा वर्षं मी तिला उठवलं, बसवलं, धुतलं. तिला पाठीला जखम होऊ दिली नाही, डॉक्टर सगळ्यांना ते सांगायचे. आणि झटका आल्यावर तिला जी चार वाक्यं बोलता यायची त्यांत एकदाही माझं नाव नव्हतं. "पेयो आला?" सकाळी डोळे उघडले की, "पेयो आला?" मी तोंडात सूप घालतेय आणि ती दाराकडे बघतेय. चौतीस वर्षं न आलेल्या माणसाची वाट. मी मनात म्हटलं, कळू दे तिला, कोण आहे आणि कोण नाही. रोज म्हणायचे, "फोन केलाय आई, तो निघालाय." रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या करीन.

सातव्या दिवशी तिला श्वास घेववत नव्हता आणि तरी ती विचारत होती. तेव्हा मी म्हटलं, "आला."

गानिश नुकताच लोकर कातरून आत आला होता. मी त्याचा हात धरून तिच्या हातात दिला. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, तुला माहीत नाही. तो हात सोडवून घेत होता. मी खुणेनं म्हटलं, राहा. आईनं त्याचा हात चाचपला, मग चेहरा. मग म्हणाली, "कात्तालिन, तू बाहेर जा. मला माझ्या मुलाशी बोलायचंय."

मी बाहेर गेले, पेयो. दाराबाहेर उभी राहिले, पण तिचा आवाज इतका बारीक होता की ऐकू आलं नाही. पाव तास. गानिश बाहेर आला आणि सरळ हौदाकडे जाऊन डोक्यावर पाणी घेतलं. त्यानंतर आईनं तुझं नाव घेतलं नाही. दोन दिवसांनी गेली.

ती काय म्हणाली ते गानिशनं मला आजपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलं, रडून विचारलं, महिनाभर अबोला धरून विचारलं. तो म्हणाला, "ते तुझ्यासाठी नव्हतं. माझ्यासाठीही नव्हतं." तुला सांगायला तो कधीही तयार होता. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की तिच्या खाटेशी तू नव्हतास, तो होता, आणि का होता. "माझी बायको खोटं बोलली हे तिच्या पाठीमागे मी सांगणार नाही. तिनं सांगावं, मग मी माझं सांगीन." हिवाळ्यात कळ आल्यापासून मात्र त्यानं पाठ धरली. "मी गेलो तर ते माझ्याबरोबर जाईल. तुझ्या आईचे शेवटचे शब्द, आणि पोचवायला कोणी नाही." म्हणून ही यात्रा. डोंगर ओलांडायच्या आत मी तुला लिहायचं, एवढंच त्यानं मागितलं होतं. मी म्हटलं लिहीन, आणि तुला टाचेबद्दल लिहिलं.

ती दोन पत्रंही यातच घालतेय. मी खोटं कसं लिहिते ते तुलाही दिसू दे.

माद्दालेन येऊन गेली. मठात फोन केला होता, पलीकडे ओर्रेआगाला. या नावाचा कोणी पोचलेला नाही. तिनं माझ्यासमोर चीज आणि काळ्या चेरीचा मुरांबा ठेवला आणि म्हणाली, "खा. उपाशी बाईला वाईटच सुचतं." मी खाल्लं. खाताना मनात आलं की तो वर कुठे तरी पडलाय आणि मी मुरांबा खातेय.

पुन्हा पुलावर जाऊन येते.


गुरुवार, २५ मे

सापडला.

सकाळी नऊला एक चिखलानं माखलेली जीप गल्लीत शिरली, जिथे गाड्यांना मनाई आहे. चालवणारा एर्रामुन म्हणून मेंढपाळ, तोंडात एक दात, आणि शेजारी गानिश, पाय वर करून, कुण्या राजासारखा. धुक्यात वाट सोडून भलत्या कुरणात उतरला, दगडावरून घसरला, घोटा मुरगळला. तिथेच बसून राहिला. एर्रामुनच्या कुत्रीनं शोधला.

"ही माझी बायको," गानिश म्हणाला.

"ती ना, लिहिते ती?" एर्रामुननं मला नखशिखांत पाहिलं. "बाई, याला घेऊन जा. माझ्या झोपडीत मी आणि कुत्री दोघंच राहतो, आणि आम्हा दोघांनाही घोरण्याची सवय नाही."

पोलिसही आले होते, मला शोध थांबल्याच्या कागदावर सही करायची होती. मला सही येईना. कागद उलटा धरला, मग पेनाचं टोपणच कागदावर घासत राहिले. माद्दालेन म्हणाली, "काल दिवसभर पायांनी जी बडबड केली, ती आज हातात आलीय."

जीपच्या दारात उभी होते आणि पाकीट माझ्या कोटाच्या खिशात होतं, बंद केलेलं, तिकिटं लावलेलं. तुला खरं सांगते, कारण आता खोट्याची चवच गेलीय: मनात आलं, माणूस परत मिळाला, आता हे कशाला? चुलीत जाईल, कोणाला कळणार? गानिशनं खिशाकडे पाहिलं सुद्धा नाही. बुटाची नाडी सैल करत बसला. त्यानं विचारलं असतं तर मी भांडले असते आणि त्या भांडणात पाकीट तसंच राहिलं असतं.

टपाल कचेरी वेशीबाहेर आहे. मी चालत गेले. टाचेचा फोड फुटला होता. पाकीट पेटीत टाकलं आणि लगेच आत हात घातला, काढायला. हात मनगटापर्यंतच जातो.

हे पान वेगळ्या पाकिटातून येईल. काल ते पत्र अर्धवट सुटलं होतं आणि त्याखाली सही नाही, आत्ता आठवलं. ती इथे करते.

कात्तालिन


इरात्सेता
रविवार, ११ जून

पेयो,

परवा तू फोन केलास. पलीकडे तू होतास तरी इकडचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

मी घेवडा निवडत होते. गानिशचा पाय स्टुलावर. तू "कात्तालिन?" म्हणालास आणि मला आवाज ओळखता आला नाही, बाबांचा वाटला.

"नऊ दिवस?" तू म्हणालास.

"हो."

"इथून यायला दोन लागतात."

"माहीत आहे."

मी माफ कर म्हणायला तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, "ते नको. गानिशला दे."

मी दिला. त्याला उठता येत नव्हतं तरी उठला, भिंतीला धरत फोन घेऊन बाहेर गेला. हौदापर्यंत. मी खिडकीतून पाहू शकले असते. पाहिलं नाही, घेवडा निवडत बसले. निवडलेलाच पुन्हा निवडला. दार उघडं होतं. मी उठून दार लावलं, म्हणजे चुकूनही ऐकू यायला नको. अकरा वर्षांपूर्वी कान लावून उभी होते, परवा दार लावलं. याला फार मोठं समजू नकोस. भीतीही वाटत होती.

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. मी विचारलं नाही. तो दोन वाट्या सूप प्यायला, कपड्यांसकट आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. मी दोनदा जाऊन त्याचा श्वास पाहिला. इतकं गाढ झोपलेलं मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

तू पुन्हा फोन करशील तेव्हा मी उचलला तर गानिशला देईन. तुला दुसरं काही बोलावं लागणार नाही.

कात्तालिन


रविवार, १ ऑक्टोबर

पेयो,

गानिश म्हणाला, तू येतोयस. चौदा तारखेला, बियारित्सच्या विमानतळावर. त्याला घ्यायला बोलावलंस. मला काय सांगायचं म्हणून त्यानं विचारलं तर तू म्हणालास, "काही नाही."

या उन्हाळ्यात तुम्ही दोघं सहा वेळा बोललात. मी मोजलं. त्यात एकदा गानिश हसत होता, कबुतरं धरायच्या जाळ्याबद्दल काही तरी. मला हेवा वाटला. मग वाटलं, हेव्यापायी एकदा काय केलं ते पुरे झालं, आणि अंगणात जाऊन पानं झाडली.

तू येणार हे कळल्यापासून मला स्वस्थता नाही. तुझी खोली दोनदा धुतली. पलंग खिडकीशी लावला, मग भिंतीशी, मग पुन्हा खिडकीशी. गानिश म्हणाला, "अगं, तो झोपायला येतोय, पलंग विकत घ्यायला नाही." काल म्हटलं, मी तेवढे दिवस माद्दालेनकडे गाराझीला जाऊन राहते, त्याला मोकळं वाटेल. गानिश म्हणाला, "पुन्हा पळ." एवढंच म्हणाला.

म्हणून जात नाही.

आईनं तुला काय सांगितलं ते मी विचारणार नाही. जेवताना नाही, भांडताना नाही, तू परत जाताना नाही. तिच्या त्या बोलण्यात माझं नाव असेल किंवा नसेल. नसलं तरी तिची पाठ शेवटपर्यंत धड होती, ते मला माहीत आहे, आणि तेवढं माझं आहे.

आपल्याकडे आलेल्याला दार घरच्या बाईनं उघडायचं असतं. गानिशला मी सांगून ठेवलंय, "तू किल्ली लावायची नाहीस, नुसता हॉर्न वाजव." मी उघडीन. तू माझ्याकडे न बघता पुढे गेलास तरी चालेल. रागावलेला चालशील, मुका चालशील. पंचेचाळीस वर्षांनी आत ये, एवढंच.

तुझी बहीण,
कात्तालिन